चौक्यातले हात

महाराज चातुर्मासाला येणार हे एकदा ठरलं की गावात पहिली विचारणा व्हायची ती तारामतीच्या चौक्याची. निपाणीहून सदलग्याकडे जाताना लागणारं हे गाव, उसाचं आणि तंबाखूचं. निम्मी घरं जैनांची, आणि त्या घरांतल्या बायकांची चढाओढ कशावरून म्हणाल, तर महाराज कुणाच्या दारात थांबले यावरून. तारामती मगदूम या चढाओढीत कधी तोंडानं उतरली नाही. तिला गरजच नव्हती. तिच्या दारात महाराज थांबतातच, असं गावाचं म्हणणं होतं, आणि तिनं ते कधी खोडून काढलं नाही.

दिगंबर मुनी दिवसातून एकदाच जेवतात. उभ्यानं, हाताच्या ओंजळीत, आणि पाणीसुद्धा तेव्हाच. त्यांच्यासाठी घरात जे सोवळ्याचं स्वयंपाकघर राखतात तो चौका. पाणी विहिरीचं, हातानं शेंदलेलं आणि दुहेरी फडक्यातून गाळलेलं. पीठ घरच्या जात्यावर दळलेलं. तारामतीच्या घरी मिक्सर होता, फ्रिज होता, पण चातुर्मासात ती यातल्या कशालाही हात लावू द्यायची नाही. तिचा नवरा धरणेंद्र पाहुण्यांना सांगायचा, आमच्यात आषाढ लागला की आमी शंभर वर्सं मागं जातो आणि कार्तिकात परत येतो. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि जात्याचा खुंटा धरायची.

हात मात्र तिचे खरोखर बघण्यासारखे होते. ओंजळीत आहार देणं दिसतं तितकं सोपं नाही. घास मोठा झाला तर सांडतो, घाई केली तर ओंजळ तुंबते, पाण्याची धार जाड पडली तर सगळंच वाहून जातं. तारामतीच्या हातून यातलं काही कधी झालं नाही. नव्या सुना तिच्या शेजारी उभ्या राहून शिकायच्या. त्यांतली अक्षता ही धरणेंद्रच्या पुतण्याची, गोमटेशची बायको. भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळं लग्न होऊन आल्यापासून ती काकूंच्या चौक्यातच वाढली म्हणायला हरकत नाही.

गावानं तारामतीचे हात पाहिले होते, डोकं मात्र कधी पाहिलं नव्हतं. पदराखाली, कानामागून थेट मानेपर्यंत, लाल चट्टे होते आणि त्यांच्यावर पांढरे खवले. मुलगी त्रिशला कॉलेजसाठी बेळगावला गेली त्या सुमाराला हे सुरू झालं. आधी कोंडा समजून लिंबू चोळलं, मग करंजेल चोळलं. शेवटी मुलीला भेटायच्या निमित्तानं बेळगाव गाठलं आणि तिथल्या कातडीच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हा सोरायसिस. कुणाला लागत नाही, मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. मलम दिलं आणि दर काही महिन्यांनी दाखवायला या म्हणून बजावलं. ती आणखी एकदा गेली. पुढं त्रिशला बेळगावातच टिळकवाडीत नोकरीला लागली आणि तेच मलम तिथल्या दुकानातून घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर धाडू लागली. मलम येत राहिलं, त्यामुळं तारामतीला वाटलं की इलाजही चालू आहे. तिच्या अंगाकडं मात्र पुन्हा कुणा डॉक्टरची नजर गेली नाही.

लागत नाही हे डॉक्टरनं तिला सांगितलं होतं. गावाला कोण सांगणार? ती नवी सून होती तेव्हा गल्लीत एक शालूबाई होत्या. त्यांच्या कोपरांवर असेच चट्टे. एका चातुर्मासात महाराज दारात येऊन थांबले, शालूबाई लोटा घेऊन पुढं सरकल्या, तेवढ्यात कुणीतरी बाई त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, तुमी जरा मागं थांबा. भांडण नाही, आरडाओरडा नाही. शालूबाई मागं थांबल्या त्या पुढं कधी आल्याच नाहीत. मरेपर्यंत बस्तीत, म्हणजे जैन मंदिरातही खांबाआड बसून दर्शन घेत राहिल्या. तारामतीनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तिच्या चट्ट्यांची गोष्ट तीन माणसांत राहिली, ती, नवरा आणि मुलगी.

आहार देण्याआधी देणाऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं असतं, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहारजल शुद्ध. बाकीचं ती खणखणीत म्हणायची. ‘काया शुद्ध’ मात्र दर वर्षी ती हळूच उरकायची. आपण महाराजांसमोर खोटं बोलतो असं तिला मनापासून वाटायचं, आणि तरी ती बोलायची, कारण तो एक घास आपल्या हातानं देण्यात तिचं सगळं आयुष्य एकवटलं होतं. दुसरं काही मोठं तिच्या हातून झालं नाही असं तीच म्हणायची. भीती एकाच गोष्टीची, खवला पडेल. आहारात केस निघाला, किडा निघाला, देणाऱ्याच्या हातून भांडं पडलं तर महाराज तिथंच ओंजळ सोडतात. त्याला अंतराय म्हणतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पोटात अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. म्हणून ती डोक्याला तेल चोपडायची, वरून फडकं घट्ट बांधायची आणि त्यावर पदर.

बोट पहिल्यांदा सुजलं ते भाद्रपदात, दशलक्षण पर्वात. उजव्या हाताचं मधलं बोट बुडापासून शेंड्यापर्यंत एकसारखं फुगलं. सगळ्यांनी एकमुखानं निदान केलं, जातं. त्या दिवसांत चौक्यातल्या कुठल्या बाईचे हात दुखत नव्हते? तारामतीलाही ते पटलं. पटलं काय, आवडलंच. देवाधर्माच्या कष्टानं सुजलेलं बोट होतं ते. ती चारचौघींत ते पुढं करून दाखवायची.

कार्तिक संपला, जातं कोपऱ्यात गेलं, बाकीच्या बायकांचे हात ताळ्यावर आले. हिचं बोट उतरलं नाही. उलट टाच धरली. सकाळी अंथरुणातून पाय खाली ठेवला की कळ डोक्यात जायची. मूठ वळायला तास तास लागायचा आणि दुपारपर्यंत हात मोकळे व्हायचे. खरं तर कामानं दुखावलेला हात कामानं जास्त दुखतो, आणि हिचा कामानं सैल पडायचा. हे उलटं आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही. नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले होते, त्यांचा दोष तिनं हळदीवर टाकला. अशी दोन वर्षं गेली. मग बोट वाकलं ते सरळ होईना, तेव्हा धरणेंद्रनं तिला गाडीवर बसवून निपाणीला हाडांच्या डॉक्टरकडं नेलं.

तो डॉक्टर चांगला होता, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण अशा गोष्टीत सगळा दोष डॉक्टरवर ढकलायची सोय असते. त्यानं बोटं एकेक करून दाबून पाहिली, टाच पाहिली, रक्त तपासायला लावलं. वाताची तपासणी चोख आली. तरी त्याचं समाधान झालं नाही. त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, "अंगावर, डोक्यात, कुठं चट्टे हाईत काय तुमच्या? खवले सुटत्यात असले? पूर्वी कवा आलते?"

दाराशी चिठ्ठ्या देणारी पोरगी उभी होती, ती हिच्याच गल्लीतली. तारामतीनं तिच्याकडं पाहिलं, पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "न्हाय."

धरणेंद्र शेजारीच बसला होता. त्यानं फरशीकडं बघितलं आणि तो तसाच बघत राहिला. डॉक्टर मग म्हणाला, झीज दिसती, जातं कमी करा. दुखायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि फरक पडला नाही तर परत या म्हणाला. गाडीवरून येताना धरणेंद्रनं एकदा विचारलं, सांगायचं हुतं की गं. ती म्हणाली, डोक्याचा नि बोटाचा काय संबंध? खरं सांगायचं तर त्यालाही संबंध दिसत नव्हता. दोघांच्या हिशेबी हे दोन वेगळे आजार होते, एक पुण्याईचा, एक लाजेचा. पुण्याईचा डॉक्टरला दाखवून झाला होता, आणि लाजेचा दाखवायची गरज काय? डॉक्टरकडं ती परत गेलीच नाही, फक्त गोळ्या आणत राहिली. गोळीनं दुखणं दबायचं आणि दबलेल्या दुखण्याखाली सांधे निवांत खराब होत राहिले. एकाची तीन बोटं झाली, मग डावा हातही.

पुढं एका वर्षी आलेले महाराज वयस्क होते आणि एकाआड एक दिवस उपवास करायचे. श्रावणातल्या एका सकाळी ते तारामतीच्या दारात थांबले. आदल्या दिवशीचा त्यांचा उपवास, म्हणजे पोटात दोन दिवसांचा खड्डा. तारामतीनं चारही शुद्धी म्हटल्या. बोटांनी घास चिमटीत धरायचं आता जमत नव्हतं, म्हणून तो मान तिनं अक्षताला दिला आणि आपण पाण्याचा लोटा घेतला. लोट्याला चिमूट लागत नाही, दोन तळव्यांत धरला की झालं, असा तिचा हिशेब. पावसाळी उकाडा होता. डोक्याला बांधलेल्या फडक्याखाली खाज सुटली होती आणि पदर मागं सरकतोय असं तिला सारखं वाटत होतं. महाराजांनी ओंजळ पुढं केली. तिचा सगळा जीव डोक्यावर होता, खवला पडू नये, खवला पडू नये. लोटा हातातून कधी निसटला हे तिला कळलंच नाही. फरशीवर पितळेचा आवाज झाला तेव्हा तिनं खाली पाहिलं.

महाराजांनी ओंजळ सोडली. कपाळाला आठी नाही, तोंडातून शब्द नाही. मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू उचलून ते ज्या पायरीनं आले होते त्याच पायरीनं उतरून गेले. पाण्याचा एक घोटही गेला नव्हता. कुणी तारामतीला बोल लावला नाही आणि तेच तिला सोसेना. मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, आता सुनांच्या हातात द्याय पायजे सगळं. महाराजांना पुन्हा आहार मिळेपर्यंत तिनंही तोंडात पाणी घेतलं नाही. भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात मांडीवर, आणि त्यांच्याकडं असं बघत होती की ते हात जणू कुणी शेजारणीनं आणून ठेवलेत.

धरणेंद्रनं फोन केला तशी त्रिशला आली. फोनवर आई वर्षानुवर्षं दुखण्याचा दोष जात्यावरच टाकायची, त्यामुळं बोटं इतकी वाकलीत हे तिनं आता नीट पाहिलं. तिनं वाद घातला नाही. दोघांना गाडीत घातलं आणि बेळगावला त्याच जुन्या कातडीच्या डॉक्टरकडं आणलं. त्यांनी डोकं बघायच्या आधी हात बघितले, नखं बघितली, आणि त्याच दिवशी सांधेवाताच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं.

त्या बाईंनी समजावून सांगितलं. हा सोरायसिसच, एकच आजार. शरीराची राखण करणारी ताकद उलटून कातडीवर चालून येते, आणि सोरायसिस असलेल्या बऱ्याच जणांत ती पुढं सांध्यांवरही चालून येते, कधी कधी चट्टे उठल्यावर कैक वर्षांनी. सबंध फुगलेलं बोट, टाचेतली कळ, सकाळचा ताठरपणा, नखांतले खड्डे, ही सगळी त्याचीच लक्षणं. रक्ताची वाताची तपासणी यात पुष्कळदा चोखच येते, म्हणून अंगावरचे चट्टे बघावे लागतात. लवकर कळलं तर औषधानं सांधे वाचवता येतात. एक्स-रेच्या फोटोत तीन बोटांचे सांधे चिकटून गेलेले दिसत होते. ते आता सुटणार नव्हते. बाकीचे मात्र वाचतील, गोळी नियमानं घेतली तर, असं त्या म्हणाल्या.

तारामतीनं एकच विचारलं, लोटा धरता येईल का. बाईंना कळेना कसला लोटा. त्रिशलानं थोडक्यात सांगितलं. बाई म्हणाल्या की या बोटांनी आता नाही धरता येणार. मग न राहवून त्यांनी विचारलं, इतकी वर्षं हाडांच्या डॉक्टरांनी चट्ट्यांबद्दल काही विचारलंच नाही का?

"इचारलं हुतं," तारामती म्हणाली.

धरणेंद्र उठला आणि बाहेर गेला. तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्यानं ते लपवलंही नाही.

गावी आल्यावर तो सरळ बस्तीत गेला आणि महाराजांच्या पायाशी बसून त्यानं सगळं सांगून टाकलं, चट्टे, शालूबाई, निपाणीच्या दवाखान्यातलं ते ‘न्हाय’ आणि त्या वेळचं आपलं गप्प बसणं. महाराजांनी ऐकून घेतलं. म्हणाले, जो आजार कुणाला लागत नाही, ज्यातून रक्त-पू वाहत नाही, त्याची आमच्याकडून आडकाठी नाही. तारामतीबाईंनी आधी विचारायचं होतं. अंतराय आमच्या कर्माचा, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. धरणेंद्र जवळजवळ पळतच घरी आला. एखादं बक्षीस आणावं तसं त्यानं ते तिच्यापुढं ठेवलं.

"आहार द्यायला हरकत न्हाय म्हणाले, तारा."

तिनं मान वर केली. "बरं झालं," ती म्हणाली. "आता हात कुठनं आणू?"

तो तिच्या शेजारी बसून राहिला.

त्यानंतर काही दिवसांनी तारामती ओट्यावर बसली होती आणि अक्षता सकाळच्या पारी बस्तीच्या पायऱ्या उतरत होती. एक हात कठड्याला, टाच न टेकवता, चवड्यावर. ते चालणं तारामतीनं ओळखलं. अक्षताही केसांना तेल फार थापते, उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं झंपर घालते, हे तिनं आजवर शंभरदा पाहिलं होतं आणि सोवळ्याची पोरगी म्हणून कौतुकच केलं होतं. तिनं तिला आत बोलावलं, दार लोटलं, आणि काही न विचारता आपला पदर खाली घेतला. फडकं सोडलं. मान वाकवून म्हणाली, "बघ." अक्षता बघत राहिली. मग तिला रडू फुटलं आणि तिनं बाही वर केली. कोपरापासून वरपर्यंत चट्टे होते, माहेरापासूनचे. डाव्या हाताचं एक बोट नुकतंच फुगायला लागलं होतं, आणि तिनंही ते जात्यावरच ढकललं होतं.

गोमटेशला तारामतीनंच सांगितलं. सासूला कळेल, गावाला कळेल, असं तो चाचरत म्हणाला, तर तिनं आपले दोन्ही हात त्याच्यापुढं धरले. "कळू दे. ह्यापरास काय वाईट हुणार हाय?" तो महिना संपायच्या आत अक्षता बेळगावला त्याच बाईंसमोर बसली होती.

गावाला कळायचं ते कळलं. दोन-चार बायकांनी तोंडं वाकडी केली, एकीनं अक्षताकडचं हळदीकुंकू चुकवलं. पण महाराजांनी तोच शब्द मग बस्तीत सगळ्यांसमोर पुन्हा सांगितला, त्यामुळं ‘मागं थांबा’ म्हणायला कुणी पुढं आलं नाही.

पुढच्या वर्षी दुसरे महाराज आले. चौका तारामतीच्याच घरी लागला. जातं अक्षताच्या सासूनं ओढलं, विहिरीचं पाणी धरणेंद्रनं शेंदलं. महाराज दारात थांबले तेव्हा चारही शुद्धी तारामतीनं म्हटल्या आणि बाजूला होऊन भिंतीशी उभी राहिली. अक्षता पुढं झाली. तिनं भाकरी दुधात कुस्करली, चिमटीत घास घेतला आणि ओंजळीत ठेवला. दुसरा ठेवला. मग लोटा एका हातानं उचलून पाण्याची बारीक धार सोडली. सगळ्यांचे डोळे महाराजांच्या ओंजळीवर होते, तारामतीचे अक्षताच्या बोटांवर. ती पाचही बोटं लोट्याभोवती हवी तशी वळत होती. ते बघून तारामतीला आनंद झाला असं म्हणता आलं असतं तर बरं होतं. झाला तो हेवा. इतका हेवा की डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईला ते भक्तीचं वाटलं.

आहार अंतरायाविना पार पडला. महाराज गेले, माणसं पांगली, अक्षता आत येऊन हात धुऊ लागली. तारामती तिच्याजवळ गेली.

"मूठ वळ बघू."

अक्षतानं वळली. तारामतीनं आपल्या वाकड्या बोटांनी ती मूठ चाचपून पाहिली, पेर न् पेर.

"सकाळी उठल्यावरबी अशीच वळती?"

"व्हय, काकू."

"गोळी चुकवू नगंस," ती म्हणाली, आणि ओली भांडी पुसायला घेतली. तेवढं तिला अजून तळव्यांनी जमत होतं.